आडसाली ऊस आणि कायम रहिवास

अमेरिकेच्या कायद्यात ज्याला कायम रहिवासी म्हटले जाते त्याचे प्रमुख लक्षण असे की, तो कायम राहतो आहे की नाही याची चौकशी त्याच्याबाबतीत कायम चालू असते. अमेरिकेच्या नागरिकाला ही चौकशी लागू नाही; तो वीस वर्षे शिरूरच्या बाजारतळावर बसून राहिला तरी त्याला अमेरिकेच्या दारातून परत पाठवता येत नाही. पर्यटकालाही ती लागू नाही, कारण त्याने मुकाट्याने परत जावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. या दोघांच्या मधोमध जो उभा आहे, ज्याला तेथे राहण्याचा आणि नोकरी करण्याचा हक्क आहे पण देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा नाही, ज्याच्या पाकिटात ग्रीन कार्ड आहे आणि पासपोर्ट मात्र भारताचाच आहे, त्याला तेवढे आपण कोठले हे वारंवार शाबीत करावे लागते. १९५२ च्या ‘इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्ट’ने कायम रहिवासाची जी व्याख्या केली आहे तिची अखेर ‘ही स्थिती बदललेली नसावी’ अशा अर्थाच्या अटीने होते; म्हणजे कायमपणा दिला तो व्याख्येच्या पूर्वार्धात, आणि काढून घेण्याची सोय केली ती उत्तरार्धात.

या जातीच्या माणसांचा अभ्यास न्यू जर्सीत करून फारसा उपयोग नाही, कारण तेथे ती नुसती राहत असतात. त्यांचा कायमपणा पणाला लागतो तो ती तेथे नसताना, आणि अशा वेळी ती बहुधा घोडनदीकाठच्या शिरूर तालुक्यात किंवा भीमेकाठच्या दौंड तालुक्यात आढळतात. शिरूरकडे ती निवृत्त शिक्षक किंवा कांदा-डाळिंबाचे बागायतदार असतात, तर दौंडकडे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, फिटर व बुकिंग क्लार्क आणि उसाचे सभासद शेतकरी अशी त्यांची साधारण विभागणी करता येते. यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर होतो, नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेस जातो, बऱ्याच वर्षांनी तेथील नागरिक होतो, आणि मग त्याच्या पत्नीला दुसऱ्यांदा दिवस राहिले की आईवडिलांना कायमचे बोलावून घेण्याचा विचार त्याच्या मनात एकाएकी प्रबळ होतो. एकवीस वर्षांवरील नागरिकाच्या आईवडिलांना व्हिसा देताना अमेरिका वार्षिक मर्यादा पाळत नाही; भावाबहिणींना मात्र दशकाहून अधिक काळ रांगेत उभे राहावे लागते. यामुळे पंचाहत्तरीचे आजोबा न्यू जर्सीतील एडिसनला पोहोचून स्थिरस्थावर होतात आणि त्यांचा पंचेचाळिशीतला धाकटा मुलगा शिरूरलाच पंप चालू-बंद करीत राहतो, असे दृश्य अनेक घरांत दिसते.

इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होतात. तेथे जन्माचा पुरावा लागतो, आणि या पिढीत जन्माची नोंद करून घेण्याची पद्धत बेताचीच असल्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला पुढे करावा लागतो. त्यावरील तारीख बहुधा १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी मुलाच्या वयाचा अंदाज घेऊन शाळेच्या सोयीने ती लिहिलेली असते. ग्रामीण पुणे जिल्ह्यात एकाच दिवशी एवढी बाळंतपणे कशी झाली, असा प्रश्न वकिलातीतील अधिकाऱ्यांना पडत असल्यास तो त्यांनी आजवर उघडपणे विचारलेला नाही, हा त्यांचा सौजन्याचा भाग मानला पाहिजे.

कार्ड हाती आल्यावर पहिला गैरसमज होतो तो त्याच्या मुदतीविषयी. कार्डावर दहा वर्षांनंतरची तारीख छापलेली असते, आणि दहा वर्षांचा बसपास हाती असलेल्या माणसाने दहा वर्षे निश्चिंत असावे असा आपल्याकडील स्वाभाविक तर्क आहे. वस्तुतः ती मुदत प्लास्टिकची असते, माणसाची नसते. अमेरिकेबाहेरचा सलग मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त झाला की परतणाऱ्या माणसाकडे विमानतळावर नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहण्याची मुभा अधिकाऱ्याला मिळते, आणि एक वर्ष उलटले की नुसते कार्ड दाखवून आत जाता येत नाही. एक वर्षाहून अधिक राहायचे असेल तर पुनःप्रवेश परवाना घ्यावा लागतो. हा परवाना म्हणजे पासपोर्टसारखी दिसणारी एक पुस्तिका असून ती जास्तीत जास्त दोन वर्षे चालते. तिच्यासाठी ‘आय-१३१’ हा अर्ज अमेरिकेच्या भूमीवर पाय असतानाच करावा लागतो आणि बोटांचे ठसेही तेथेच द्यावे लागतात. तयार पुस्तिका मात्र नंतर मुंबईच्या वकिलातीतून घेता येते. तिची मुदत वाढवून मिळत नाही. मागील पाच वर्षांपैकी चारांहून अधिक वर्षे बाहेर काढलेल्याला पुढची पुस्तिका साधारणतः एकाच वर्षाची मिळते. शिरूरला आल्यावर आठव्या महिन्यात या परवान्याची आठवण होणारांचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यांना तो मिळत नाही.

या मर्यादांचा शेतीच्या हंगामांशी मेळ घालून पाहिला असता असे दिसते की, १९५२ साली वॉशिंग्टनमध्ये हा कायदा करणाऱ्यांनी फक्त कांद्याचा विचार केला होता. रब्बीच्या कांद्याचे रोप डिसेंबर-जानेवारीत लावले की एप्रिल-मेमध्ये कांदा काढणीला येतो. नोव्हेंबरात विमानातून उतरलेला कायम रहिवासी रान तयार करण्यापासून कांदा चाळीत भरण्यापर्यंतची सर्व कामे स्वतःच्या देखरेखीखाली उरकून १८० दिवसांच्या आत परत जाऊ शकतो. उणीव एवढीच की, चाळीतला कांदा भाव वाढण्याची वाट पाहत असतो आणि भाव वाढला तर तो पावसाळ्यानंतर वाढतो, म्हणजे मालक एडिसनला नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवीत असतो तेव्हा. कांदा आज विकावा की आठ दिवस थांबावे याचा निर्णय पृथ्वीच्या दोन टोकांवरून घेतला जातो, आणि अमेरिकेतील रात्रीच्या शांततेमुळे तो बहुधा चुकतो.

उसाची गोष्ट निराळी आहे. सुरू ऊस, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला, सुमारे बारा महिन्यांत तोडणीस येतो. तो बरोबर कायद्याच्या एक वर्षाच्या रेषेवर पडतो, आणि ऊसतोडीची टोळी वेळेवर आली नाही तर रेषेपलीकडे जातो. टोळीची वेळ कारखान्याच्या शेतकी खात्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही हे दौंड तालुक्यात कोणासही पटवून द्यावे लागणार नाही. पूर्वहंगामी लावण त्याहून लांबते. आडसाली ऊस, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेला आणि सोळा ते अठरा महिने रानात उभा राहणारा, हा तर पुनःप्रवेश परवान्याशिवाय लावताच येत नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. उतारा आडसालीचाच सर्वांत चांगला पडतो, त्यामुळे ज्या शेतकऱ्याने हयातभर आडसाली लावली त्याला केवळ इमिग्रेशनच्या कारणासाठी खोडव्यावर समाधान मानावे लागते. खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, ज्याला मालकाच्या हजेरीची गरज त्या मानाने कमी असते. अशा कुटुंबांत फेरपालट ठरवताना कृषी सहायकापेक्षा न्यू जर्सीतील वकिलाचा सल्ला अधिक निर्णायक ठरू लागला आहे, आणि पिकाला पाणी किती द्यावे हेही त्याने सांगायला सुरुवात केली तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

पाण्याच्या आवर्तनाचा मुद्दा येथेच सांगितला पाहिजे. आवर्तन म्हणजे कालव्याला ठराविक काळाने सुटणारे पाणी. शिरूरकडे चासकमानच्या कालव्याला आणि दौंडकडे खडकवासल्याहून येणाऱ्या नव्या मुठा उजव्या कालव्याला ते केव्हा सुटणार, टेलपर्यंत पोहोचणार की पुणे शहर ते वाटेतच पिऊन टाकणार, याविषयीची अनिश्चितता विमानाचे तिकीट तीन महिने आधी काढणाऱ्याच्या हिशोबात बसत नाही. त्यात २०२१ पासून राज्य शासनाने ई-पीक पाहणी सुरू केली आहे. सातबाऱ्यावर पिकाची नोंद होण्यासाठी खातेदाराने किंवा त्याच्या वतीने कोणीतरी प्रत्यक्ष गटात उभे राहून मोबाइलमधून पिकाचा फोटो काढावा, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे महाराष्ट्र शासनाला शेतकरी बांधावर उभा असलेला हवा असतो आणि अमेरिकेच्या शासनाला तो बांधावर नसलेला हवा असतो. दोन्ही शासने आपापल्या जागी रास्तच आहेत.

दौंडच्या रेल्वे पेन्शनरांना पिकाची काळजी नसली तरी नोव्हेंबरची असते. पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. हा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवरूनही देता येतो, तथापि चाळीस वर्षे गाड्यांना हिरवा झेंडा दाखवलेल्या माणसाचा मोबाइलवरील विश्वास मर्यादित असतो, आणि बँकेच्या खिडकीशी स्वतः उभे राहून ‘आहे’ असे म्हणण्यात जे समाधान आहे ते कोणत्याही ॲपमध्ये नाही. अशा रीतीने भारताला आपण जिवंत आहोत हे, आणि अमेरिकेला आपण तेथेच राहतो हे, असे दोन दाखले त्याला वर्षाकाठी द्यावे लागतात. पहिला देण्यासाठी तो दौंडला येतो आणि त्यामुळेच दुसरा देणे अवघड होऊन बसते.

दिवसांची ही मोजदाद कटकटीची असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती दुय्यम आहे. कायद्याला हवा असतो तो हेतू. परदेशातला मुक्काम ‘तात्पुरता’ होता की नाही, हे निघतानाच्या उद्देशावरून ठरते, आणि तो नव्हता असे ठरले तर माणसाने कायम रहिवासाचा ‘परित्याग’ केला असे मानले जाते. परित्याग म्हणजे सोडून देणे, मग ते सोडणाऱ्याच्या ध्यानीमनी नसले तरी चालते. याविषयीचा बहुधा उद्धृत होणारा निर्णय १९७५ चा, ‘मॅटर ऑफ केन’ या नावाचा आहे. जमैकाच्या एका बाई आपल्या मायदेशी प्रवाशांसाठी भाड्याच्या खोल्यांचा व्यवसाय चालवीत. वर्षाचे अकरा महिने त्या जमैकात असत आणि एक महिना कार्ड राखण्यासाठी अमेरिकेत येत. अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने त्यांचा कायम रहिवास संपल्याचे ठरवताना मुख्यतः तीन गोष्टी पाहण्यास सांगितले: माणूस कशासाठी गेला होता, त्याचे ते काम केव्हातरी संपणारे होते का, आणि त्याचे घर, पोटापाण्याचा उद्योग व माणसे नक्की कोठे आहेत. जमैकातील खोल्यांच्या जागी आठ एकर बागायत घातली की हा निर्णय शिरूरच्या पारावर वाचून दाखवण्याजोगा होतो.

तीनांपैकी दुसरी कसोटी सर्वांत घातक आहे. गुडघ्याचे ऑपरेशन, पुतण्याचे लग्न, घराचा स्लॅब ही कामे संपणारी आहेत असे अमेरिकन अधिकाऱ्यास पटवता येते, जरी स्लॅबच्या बाबतीत तो उगाच विश्वास ठेवतो असे येथील गवंड्यांचा अनुभव असलेल्यांना वाटेल. दातांचे काम हे तर अमेरिकेतील दंतवैद्यांची बिले ज्याने पाहिली आहेत अशा कोणालाही पटते. पण भारतात येण्याचे कारण म्हणून ‘भावकीतला वाटणीचा दावा’ असे सांगितले की अडचण सुरू होते. दिवाणी दावा हा स्वभावतः तात्पुरता नसतो. तो आजोबांनी दाखल करून नातवाने पुढे चालवायचा असतो, आणि प्रत्येक तारखेला पुढची तारीख मिळते हीच त्यातील एकमेव निश्चित गोष्ट होय. ज्याचा दावा कोर्टात चालू आहे त्याचा मुक्काम कायद्याच्या भाषेत तात्पुरता म्हणावा की आनुवंशिक, हा प्रश्न अमेरिकन मंडळाने अजून हाताळल्याचे आढळत नाही.

हेतूविषयी जाहीर चौकशी विमानतळावर होते, पण खरी उलटतपासणी घरोघर होते. गावात उतरल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, “मग आबा, आता कायमचे आलात ना?” आणि एडिसनच्या देवळात सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत हाच प्रश्न येतो, “काकू, आता इथंच ना कायम?” दोन्ही ठिकाणी ‘हो’ असे उत्तर देण्याची इच्छा असते, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचे असते. तथापि कायदा जाणणाऱ्या सूनबाईंनी निघताना बजावून ठेवलेले असते की, भारतात कोणालाही, अगदी नणंदेलासुद्धा, कायमची आले असे सांगायचे नाही. नणंदेने ही माहिती अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याला कळवल्याचे उदाहरण अद्याप ऐकिवात नाही. तरी सूनबाईंचे नणंदेविषयीचे मत पाहता ही खबरदारी केवळ कायद्यापोटी घेतलेली नसावी.

हेतू मनात असतो आणि मन अधिकाऱ्यापुढे ठेवता येत नाही, म्हणून कागद ठेवावे लागतात. अमेरिकेतील बँक खाते, राज्याचे ओळखपत्र, विम्याचे पत्र, नातवाबरोबर जाऊन काढलेले सार्वजनिक वाचनालयाचे कार्ड, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आयकराचे विवरणपत्र. अमेरिका कायम रहिवाशाचे जगभरातील उत्पन्न विचारते, मग तो त्या वर्षी कोठेही राहिलेला असो. आणि कर वाचवण्यासाठी त्याने स्वतःला अनिवासी म्हणवून घेतले तर तोच परित्यागाचा पुरावा मानला जाऊ शकतो. भारतात शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, आणि त्यामुळे ज्या माणसाने सत्तर वर्षे उसाचे पैसे या विषयावर कोणत्याही सरकारशी बोलणे केले नाही, त्याला ते थेट अमेरिकेच्या तिजोरी खात्याला ‘शेड्यूल एफ’ या शेतीच्या नफातोट्याच्या तक्त्यात सांगावे लागतात. करसल्लागाराला कारखान्याचा पहिला हप्ता, अंतिम हप्ता, बिलातून झालेली सोसायटीच्या कर्जाची कपात आणि सभासदांना सवलतीत मिळणारी साखर हे समजावून सांगताना मुलगा कधी नव्हे इतका आपल्या गावाच्या जवळ जातो. परदेशातील खात्यांची एकूण शिल्लक वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्या सर्व खात्यांची वेगळी माहितीही द्यावी लागते, आणि मग जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील बचत खाते व गावच्या पतसंस्थेतील मुदतठेव यांची नावे अमेरिकन संगणकात प्रविष्ट होतात. ‘विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी’ एवढे नाव त्या रकान्यात मावत नाही असे समजते.

इकडे भारताचा आयकर कायदा आर्थिक वर्षात १८२ दिवस देशात राहिलेल्याला निवासी मानतो, आणि निवासी ज्येष्ठाला ठेवीवरील करकपात टाळण्यासाठी जो १५-एच अर्ज भरता येतो तो अनिवासीला भरता येत नाही. अमेरिकेचे १८० दिवस सलग अनुपस्थितीचे आहेत आणि भारताचे १८२ दिवस वर्षभरातील एकूण मुक्कामाचे आहेत, हा फरक शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा आहे. पण दोन्ही गणिते स्वयंपाकघरातील कालनिर्णयाच्या एकाच पानावर, दुधाच्या हिशोबाशेजारी, एकाच पेन्सिलीने चालत असल्यामुळे त्यांची सरमिसळ होते, आणि दूधवाल्याचे खाडे परदेशातील अनुपस्थितीत धरले जाण्याचा धोका असतो.

या सर्व प्रकरणात मुळातली विसंगती अशी की, कायदा माणसाला घर एकच असते असे गृहीत धरतो, आणि शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला ते कधीच एक नव्हते. त्याचे एक घर गावठाणात असते, तेथे देव असतात, लग्नपत्रिका येतात आणि दिवाळीत रंग दिला जातो. दुसरे मळ्यातल्या वस्तीवर असते, तेथे जनावरे, पंप व झोप असते. दोहोंत अंतर दोन-तीन कोसांचे. गावातल्या घरी सहा महिने कुलूप असले म्हणून त्याने गाव सोडले असे कोणी म्हणत नाही, आणि वस्तीवर राहायला गेला म्हणून तो वस्तीचा झाला असेही कोणी मानत नाही. एडिसन ही अशा माणसाच्या लेखी एक अंमळ लांबची वस्ती आहे, जेथे जनावरांऐवजी नातवंडे सांभाळायची असतात आणि बिबट्याच्या भीतीऐवजी पदपथावरचा बर्फ वेळेवर न काढल्यास दंडाची भीती असते. ‘आपले घर नक्की कोठे?’ हा अधिकाऱ्याचा प्रश्न त्याला अवघड वाटत नाही, निरर्थक वाटतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरील ही भावना अधिकारी लबाडी समजतो.

भारताचा निवडणूक कायदा या बाबतीत अधिक समजूतदार आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार होण्यासाठी माणूस त्या जागचा ‘सामान्यतः रहिवासी’ असावा लागतो. नुसते घर असणे पुरेसे नाही, पण तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास संपतही नाही. या तरतुदीचा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जो उदार अर्थ लावला जातो, त्यानुसार हडपसर, भोसरी व चाकण येथे वर्षानुवर्षे राहणारी मंडळी मतदानाच्या सकाळी उमेदवाराच्या खर्चाने जीपमधून आपल्या कायम रहिवासाच्या ठिकाणी येतात आणि दुपारच्या जेवणानंतर तो रहिवास पुढील निवडणुकीपर्यंत स्थगित करतात. त्यांना परत येताना कोणी बोटांचे ठसे मागत नाही. फक्त बोटाला शाई लावतात.

कायमपणा राखण्याचे प्रयोग या भागाला नवीन नाहीत. शिरूर तालुक्यातच घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. हे लोक आपल्या मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत, आणि प्रौढ माणूस असेल तर पुरण्यापूर्वी त्याची पावले घोट्यापासून तोडून टाकीत. मृताने घर सोडून जाऊ नये हा त्यामागचा हेतू असावा, असा अंदाज पुरातत्त्वज्ञांनी केला आहे. कायम रहिवासाची इतकी निःसंदिग्ध तरतूद त्यानंतर कोणत्याही विधिमंडळाला सुचलेली नाही. हेतू तपासण्याची आवश्यकताच तीत उरत नाही. मात्र पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष सापडला, तो वस्तीचा प्रमुख असावा, आणि त्याची पावले शाबूत होती. पुढाऱ्याला नियमातून सूट देण्याची परंपरा तालुक्यात किती जुनी आहे हे यावरून ध्यानात येते. पुढे हवामान कोरडे झाले, शेती पिकेना, लोक गोल झोपड्यांत राहून जनावरांमागे हिंडू लागले आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ती वस्ती उठली. पूर्वजांची पावले तोडूनही वंशजांचे पाय थांबले नाहीत.

उलट दिशेचे उदाहरण कर्नल वॉलेसचे आहे. शिरूर ही ब्रिटिशांची छावणी असताना हा अधिकारी १८०९ मध्ये तेथे मरण पावला. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, आसपासचे लोक त्याला सत्पुरुष मानीत आणि सुगीचे पहिले धान्य नैवेद्य म्हणून त्याच्या थडग्यावर आणीत. परदेशातून आलेल्या माणसाला अर्ज न करता, मुलाखत न देता आणि कोणताही मुलगा येथील नागरिक नसताना कायम रहिवास मिळाल्याचे हे शिरूरमधील ठळक उदाहरण होय, आणि त्याने त्या काळापासून एकदाही सलग १८० दिवसांची अनुपस्थिती केलेली नाही.

दौंड तालुक्यातील केडगावी मुक्ती मिशन वसवणाऱ्या पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेस गेल्या, तेथे दोन वर्षांहून अधिक काळ हिंडल्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्या देशाविषयी मराठीत पुस्तक लिहिले. या सर्व काळात त्यांचा उद्देश तात्पुरता आहे का, असे विचारणारा फॉर्म अस्तित्वात नव्हता. तो देश हिंदी माणसाला १९१७ मध्ये जवळजवळ बंद झाला, १९४६ मध्ये वर्षाला शंभर जणांपुरता किलकिला झाला आणि १९६५ च्या कायद्याने उघडला. शिरूर-दौंडच्या मंडळींची कहाणी त्यानंतरची आहे. इतर देशांचे नियम येथे ओझरते सांगून पुढे जाणे पुरे. कॅनडा पाच वर्षांत ७३० दिवस हजेरी मागतो आणि बाकी काही विचारत नाही, ब्रिटन सलग दोन वर्षे गैरहजर राहिलेल्याची परवानगी रद्द धरतो. यांत हेतूचा घोळ नसल्यामुळे विनोदही नाही.

२३ मार्च २०२० रोजी भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद केली आणि नियमित उड्डाणे २७ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात विशेष विमाने होती, पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी महासाथीत त्यांतून जावे की नाही यावर घराघरांत दोन पक्ष पडले. हिवाळ्यापुरते म्हणून शिरूरला आलेले अनेक कायम रहिवासी एक वर्षाची रेषा ओलांडून पलीकडे गेले. अशा वेळी वकिलातीत ‘एसबी-१’ नावाचा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागता येतो, आणि त्यासाठी उशीर आपल्या हातातल्या कारणाने झाला नाही हे दाखवावे लागते. महासाथ कोणाच्या हातची नव्हती हे सर्वमान्य होते. अडचण नंतर आली. विमाने सुरू झाल्यावरही जे गेले नाहीत, कारण त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी आडसाली लावली होती आणि ती उत्तम आली होती, त्यांना ऊस आपल्या हातचा नव्हता हे शाबीत करणे कठीण गेले. शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि सात वर्षांच्या बंदीनंतर शर्यतींचे घाट पुन्हा गजबजले. त्या चैत्रात शिरूरच्या यात्रा टाकून न्यू जर्सीला जावे, हे म्हणणे कायदेशीर असले तरी अमानुष होते.

अखेरीस पुष्कळ जण हा खटाटोप सोडतात. ‘आय-४०७’ हा फॉर्म भरून, सोबत कार्ड जोडून टपालाने पाठवले की कायम रहिवास स्वेच्छेने संपतो. मुलगा नाराज होतो, सूनबाई पाळणाघराची चौकशी सुरू करतात, आणि आजी मात्र नातवंडांना भेटायला कसे जायचे हा मुद्दा उपस्थित करतात. त्यावर उपाय म्हणजे पाहुण्याचा व्हिसा. तो मागणारा माणूस अमेरिकेत कायमचा राहायलाच निघाला आहे असे गृहीत धरण्याचा आदेश कायद्याच्या कलम २१४ (ब) मध्ये अधिकाऱ्याला दिलेला आहे, आणि ते गृहीतक खोडून काढायचे तर आपले घर परदेशात, म्हणजे शिरूरला, असून ते सोडण्याचा आपला मुळीच इरादा नाही हे अर्जदाराने पटवून द्यावे लागते. इतकी वर्षे ज्या माणसाने आपले घर अमेरिकेतच आहे याचे पुरावे गोळा केले, तो आता त्याच प्लास्टिकच्या फायलीत तळाशी दडवलेला सातबारा, आठ-अचा उतारा, पेन्शनचे पासबुक आणि वाटणीच्या दाव्याच्या तारखा वर काढतो. दावा केव्हाही संपणार नाही ही बाब आता त्याच्या बाजूची असते. अर्ज मंजूर झाला तर व्हिसा दहा वर्षांचा मिळतो आणि दर खेपेला विमानतळावर साधारणतः सहा महिने राहू देतात. पूर्वी सहा महिन्यांच्या आत अमेरिकेला पोहोचावे लागे, आता सहा महिन्यांच्या आत तेथून निघावे लागते. वर्षाची वाटणी, तिकिटाचे महिने आणि लोणच्याच्या बरण्यांचे वजन यांत काडीचाही फरक पडत नाही. मुलाखतीच्या आदल्या रात्री मुलगा फोनवरून फक्त एवढेच विचारतो की, फायलीतून वाचनालयाचे कार्ड आठवणीने काढले आहे ना.